शेतातला जुना गोल वरंबा मोजताना

कोल्हापूरकडं उसात लपलेला जुना गोल वरंबा (उसाच्या सरीचा नव्हे, पूर्वीचा मातीचा गोल बांध) मोजायचा, तर मालकाला विचारून ऊसतोडीनंतर, नांगर लागायच्या आत जावा. दिवस उगवताना बघा. तिरप्या उन्हात वीतभर उंचवटाही सावली टाकतो.

मधल्या तुकड्यात ऊस उभाच असेल तर व्यास मोजता येत नाही, पण अडत नाही. दोघांनी वरंब्याच्या माथ्यावर उभं राहून 20 मीटर सुतळी ताणायची. सुतळीच्या मध्यापासून काटकोनात, बाहेरच्या बाजूला वरंब्याच्या माथ्यापर्यंत आडवं अंतर 2 मीटर भरलं, तर 10 चा वर्ग भागिले 2, त्यात 2 मिळवून निम्मे करा: त्रिज्या 26 मीटर. चार ठिकाणी तरी मोजाच, नांगरानं माती पसरलेली असते.

उंची मोजायला गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी पुरते. खापर दिसलं तर जागेवरच फोटो काढा, कृपा करून उचलू नका.