खाली घेतलेल्या मस्टँगची ८० च्या पुढची थरथर गेली

गाडी १९६७ ची व्ही८ (आठ सिलिंडरची) फोर्ड मस्टँग, रोजच्या वापरातली. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून ती खाली घेतली, म्हणजे उंची कमी केली, आणि म्हापसा-पेडणे महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे सीटखाली थरथर सुरू झाली. ॲक्सिलरेटर सोडला की कमी. चाकं बॅलन्स केली, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकांचे क्रॉस, म्हणजे सांधे, बदलले, शाफ्टही बॅलन्स केला. दोन महिने गेले, फरक शून्य.

दोष शाफ्टच्या दोन टोकांच्या कोनात होता. सपाट फरशीवर, वजन चाकांवरच ठेवून अँगल गेज लावलं: गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली झुकलेला, डिफरन्शियलचं नाक (मागच्या ॲक्सलवर शाफ्ट जोडला जातो ते टोक) मात्र ६ अंश वर. ते ३ पेक्षा एक-दोन अंश कमीच हवं, कारण जोर लागला की पाटे पिळतात आणि नाक आणखी उचलतं.

मागून गाडी चेसिसवर स्टँड लावून उचलली, ॲक्सलखाली जॅक दिला, ॲक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट सोडले. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ४ अंशांची पोलादी पाचर, जाड बाजू मागे. पाट्याचा मधला बोल्ट लांब घ्या, नाहीतर पाचरीमुळे त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसत नाही. यू-बोल्ट नवेच घातले, आलटून पालटून आवळले.

पुन्हा मोजलं: २ अंश. थरथर गेली. १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळले, थोडे सैल निघालेच.