जबड्याच्या ऑपरेशनआधी मानसतज्ज्ञांकडे पाठवलं तर

सांगलीत मी दातांच्या तारांचं काम करते. पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा नीट बसवायच्या ऑपरेशनआधी साधारण वर्ष-दीड वर्ष पेशंट माझ्याकडे असतो, आणि त्यातल्या काहींना मी मानसतज्ज्ञांकडे पाठवते. चिठ्ठी हातात पडली की चेहरा उतरतो. ‘मॅडम, माझं डोकं फिरलंय असं वाटतं का तुम्हाला?’ आई मागे थांबून हळूच म्हणते, ‘स्थळं बघतोय हो, कुठे कळायला नको.’

आधी आम्हालाच विचारा: सगळ्यांना पाठवता की मलाच, आणि का? ऑपरेशन रद्द होईल का, हेही स्पष्ट विचारा. बहुतेकदा आम्हाला एवढंच पाहायचं असतं, की चेहऱ्याकडून तुमची अपेक्षा काय आहे आणि ऑपरेशननंतरचे दिवस तुम्ही कसे काढाल.

ते दिवस अवघड असतात, आणि ते आधी कुणी नीट सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त. खालचा ओठ बधिर, ताक हनुवटीवरून ओघळतं तरी समजत नाही. दातांना रबर लावलेले, त्यामुळे बोलणं पुटपुटल्यासारखं. आरशातला चेहरा ना जुना, ना नवा. पहिल्या काही आठवड्यांत रडू येणं, ‘उगाच केलं’ वाटणं अनेकांना होतं. बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो, काहींचा थोडा कायम राहतो.

जाण्याआधी कागदावर लिहा, काय बदलायला हवं: चावणं, बोलणं, दिसणं. ‘लग्न जमेल’ असं मनात असेल तर तेही लिहा, खोडू नका. तेच दाखवायचं असतं. लहानपणी कुणी ‘चांदोबा’ म्हणून चिडवलं असेल तर सांगा. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांनाही सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आईंना मी सांगते, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गुप्ततेचा हक्क आहे. तरी सर्जनना परत काय कळवणार, हे तिथेच विचारून घ्या.

आणि मानसतज्ज्ञांच्या दुसऱ्या भेटीची तारीख ऑपरेशनआधीच ठरवा, साधारण ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली. तेव्हा नीट बोलता येत नाही, म्हणून सांगायचं ते मोबाइलवर टाइप करून न्या. मध्येच फार खचल्यासारखं झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. तुम्हाला बोलणं जमत नसेल तर घरच्यांना लावायला सांगा.