वीज बोर्डातल्या बाबांना अरीना दाखवायची तर

माझे बाबा सबस्टेशनमधून निवृत्त झालेले ऑपरेटर. अॅमस्टरडॅमशेजारच्या अॅमस्टलवेनला आमच्याकडे आले की ट्यूलिप बघून त्यांचं पोट भरत नाही. तुमच्याकडेही असं कुणी येणार असेल तर अॅमस्टरडॅमचं फुटबॉल स्टेडियम, योहान क्रॉइफ अरीना, असं दाखवा.

आदल्या रात्री नकाशात उपग्रहाचं चित्र उघडून छत दाखवून ठेवा. वर ४,२०० सौर पॅनेल आहेत, पण खाली उभं राहून मान मोडली तरी दिसत नाहीत. आम्ही पहिल्या वेळी नुसतेच चकरा मारत बसलो.

सामन्याचा दिवस टाळा, गाइडबरोबरच्या फेरीचं तिकीट काढा. मेट्रो आहेच, पण गुडघे धड असतील तर सायकलनेच जा, सात-आठ किलोमीटर. (उजवीकडून चालवायची, हे दर वळणावर सांगा. बाबा सवयीने डावीकडे जातात आणि समोरच्या डच आजीबाई घंटी वाजवून जीव काढतात.) वाटेत आउडरकेर्कच्या तळ्याशी थांबा. वाळू उपसून झालेलं हे खोल तळं. तळाचं पाणी उन्हाळ्यातही गार राहतं. त्या गारव्यावर अरीना थंड ठेवतात. तळं आधी पाहिलं की पुढचं समजावं लागत नाही.

आत गेल्यावर गवत बघा. १९९६ साली हे उघडलं तेव्हा उंच भिंती आणि सरकत्या छतामुळे मैदानाला ऊनच पुरेना. सुरुवातीची काही वर्षं हिरवळ पुनःपुन्हा बदलावी लागली. आता चाकांवरचे दिवे लावून गवत वाढवतात. छतावर ऊन गोळा करायचं आणि खाली गवताला दिवे लावायचे, हा प्रकार मला अजून पटलेला नाही.

मुख्य गोष्ट बॅटरी. २०१८ पासून इथे ३ मेगावॉटची बॅटरी आहे, साठवण २.८ मेगावॉट-तास. निसान लीफ या विजेवर चालणाऱ्या १४८ गाड्यांच्या बॅटऱ्यांइतका माल, त्यातला काही गाड्यांत वापरून झालेला. ती फेरीत दिसेलच असं धरू नका, गाइडला विचारा. घरच्या माणसाला मात्र समजावताना 'पर्यावरण' या शब्दाने सुरुवात करू नका. लोड म्हणा, म्हणजे विजेची मागणी. सामन्याच्या रात्री मागणी चढली की बॅटरी तो चढ पेलते, वीज गेली तर डिझेल जनरेटरचं काम करते, आणि एरवी ग्रिडची, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर धरायला हातभार लावते.

बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे मंगल कार्यालयच की रे हे. मुहूर्ताला लोड, एरवी कुलूप. फक्त ह्यांनी रिकाम्या दिवसांतही इन्व्हर्टर कामाला लावलाय."

नंतर त्यांनी गाइडला विचारलं, जुन्या सेलमधला एखादा कमजोर निघाला तर अख्खी रांग बदलता का? मी भाषांतर करता करता घामाघूम. तांत्रिक शब्द आधी पाठ करून जा.

विंडचीटर घ्याच. परतताना तळ्यावर बहुतेक वेळा वारा तोंडावर येतो.