मंदीतलं स्टेडियम आणि काउंटरमागचं शिक्षण

हॉस्पिटॅलिटी किंवा स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत निघालेली मुलं मला विचारतात, स्टेडियममधल्या खाण्याच्या काउंटरवर काम करून पुढे काही उपयोग होतो का? होतो, आणि बाजार थंड असेल तर जास्तच होतो. मी हे काम २००८-०९च्या मंदीत शिकले. आधी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमवर, मग ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, एका बेसबॉलच्या मैदानात.

तेव्हाची परिस्थिती थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २००९मध्ये तिथली बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली. मेजर लीग बेसबॉलची हजेरी २००८मध्ये सुमारे ७ कोटी ८६ लाख होती, ती पुढच्या वर्षी ७ कोटी ३४ लाखांवर आली. पण हे आकडे विकलेल्या तिकिटांचे असतात. गेटमधून प्रत्यक्ष आत किती माणसं आली, हा आकडा वेगळा आणि मंदीत तो आणखी खाली असतो. माल भरायचा तो या दुसऱ्या आकड्यावर. मॅनेजर तुमच्याशी बोलताना 'पर कॅप' म्हणेल. म्हणजे माणशी विक्री, एकूण गल्ला भागिले आत आलेली माणसं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हा एकच आकडा विचारून घ्या.

मंदीत गर्दी घटते, पण बरीच माणसं मैदानावर येणं सोडत नाहीत, घरून जेवून येतात. बेसबॉलच्या अनेक मैदानांत बाहेरचं खाणं आत नेता येतं. चौघांचं कुटुंब दोन हॉट डॉग आणि एक मोठा सोडा घेऊन जातं. अशा वेळी वरच्या साहेबांच्या मनात पहिला विचार भाव वाढवण्याचा येतो, कारण करारच तसा असतो. खाण्याचं कंत्राट घेतलेली कंपनी एकूण विक्रीतला मोठा हिस्सा मैदानाच्या मालकाला देते. उरलेल्या पैशातून माल आणि मजुरी वजा केली की हातात फार थोडं उरतं.

तरीही भाव वाढवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. बोर्डावर निदान एक वस्तू अशी हवी, जी मुलाने मागितली तर बापाला नाही म्हणावं लागणार नाही. त्या एका वस्तूसाठी माणूस खुर्चीवरून उठतो, आणि रांगेत आला की आणखी काहीतरी घेतो. पुढे २०१७मध्ये अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. २ डॉलरला हॉट डॉग, २ डॉलरला पुन्हा पुन्हा भरून मिळणारा सोडा. आधीच्या स्टेडियमपेक्षा भाव जवळपास निम्मे, आणि तरी तिथल्या फाल्कन्स या फुटबॉल संघाच्या सामन्यांना खाण्यावरचा माणशी खर्च १६ टक्क्यांनी वाढला. भाव करासकट पूर्ण डॉलरमध्ये ठेवले होते, त्यामुळे सुट्ट्या नाण्यांचा घोळ नाही. रांग पुढे सरकते ती अशाने.

रांगेचं गणित फुटबॉलमध्ये फार कडक असतं. कॉलेज फुटबॉलचा हाफटाइम २० मिनिटांचा. खेळ सुरू होण्याआधीची वेळ आणि ही २० मिनिटं, बराचसा गल्ला यातच होतो. पैसे जपून वापरणारा माणूस बोर्ड वाचत उभा राहतो, सगळ्यात स्वस्त काय ते शोधतो. म्हणून पदार्थ कमी ठेवायचे आणि भाव रांगेच्या शेवटच्या माणसाला दिसतील इतके मोठे लिहायचे. मेनू आखडला की उरणारा मालही कमी होतो.

आता स्टँड शीट, म्हणजे काउंटरवरच्या मालाचा रोजचा हिशेब. नवीन मुलांना हा कागद कंटाळवाणा वाटतो, पण मला सगळा धंदा त्यातूनच कळला. सकाळची मोजणी, त्यात दिवसभरात आलेला माल मिळवायचा, उरलेला आणि फेकलेला वजा करायचा. जे येतं त्याला भावाने गुणलं की गल्ल्यात किती हवेत ते कळतं. सोडा किंवा बिअर कुणी मोजत नाही, कप मोजतात. हॉट डॉगचे पाव मोजतात. त्यामुळे एखादा कप फाटला तरी तो वेगळा ठेवा, केरात टाकू नका. फेकलेल्या मालाचा रकाना कोणत्या इनिंगला भरायला लागतो तेही पाहत जा. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावा लागतो, आणि एकदा शिजवून ठेवलेला हॉट डॉग परत फ्रीजरमध्ये जात नाही. म्हणून रोलर, म्हणजे हॉट डॉग गरम ठेवणारी फिरत्या नळ्यांची शेगडी, एकदम भरायचा नाही, थोडा थोडा भरायचा. आमच्या वेळी बहुतेक बेसबॉलच्या मैदानांत नऊपैकी सातव्या इनिंगनंतर बिअर बंद व्हायची आणि रांगा पातळ व्हायच्या. आमची अनुभवी सुपरवायझर त्याच्या बऱ्याच आधी अर्धे रोलर बंद करायची. मंदीच्या वर्षात नफा असा वाचतो.

काउंटरवर तुमच्या शेजारी शाळेच्या बँडचे पालक किंवा चर्चची मंडळी उभी असतील. विक्रीतला ठरलेला हिस्सा त्यांच्या संस्थेला मिळतो. मंदीत देणग्या आटल्या की अशा संस्थांना या पैशांची फार गरज असते. त्यांना मोजणी नीट शिकवा, घाई करू नका.

स्टेडियममधल्या कपड्यांच्या दुकानाबद्दल एवढंच सांगते की जर्सी बेताने मागवा. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की त्याच्या नावाचा माल पडून राहतो. टोप्या आणि लहान मुलांचे टी-शर्ट मंदीतही खपतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच. म्हणून विद्यापीठाच्या स्वतःच्या स्टेडियमपासून सुरुवात करा. काउंटर बाहेरची कंपनी चालवत असेल, तर ते काम कॅम्पसवरचं धरलं जातं का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा. फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो, त्यामुळे पोचल्या आठवड्यातच अर्ज टाका आणि मोजणीचं काम मागून घ्या.