आयरिश लग्न सापडलं, पण बाप्तिस्मा सापडेना: माझा अनुभव

माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांचं कॉर्क काउंटीतलं १८६८ सालचं लग्न सरकारी नोंदीत मिळालं. जन्म मात्र कुठेच मिळेना. आयर्लंडमध्ये सगळ्यांचीच सरकारी जन्मनोंद १८६४ पासून सुरू झाली, त्यामुळे आधीच्या जन्मांसाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या (बाळाच्या ख्रिस्ती दीक्षाविधीच्या) वह्याच बघाव्या लागतात.

आडनाव आयरिश आडनावांआधी येणारं 'ओ' लावून, न लावून शोधलं. लग्न झालं त्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) वह्या वीस वर्षं मागेपर्यंत चाळल्या. दोन महिने गेले, अगदी रडकुंडीला आले.

चूक तिथेच होती: लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागायचं. मग अनुक्रमणिका सोडून लग्नाच्या मूळ पानाचा फोटो उघडला. 'राहण्याचं ठिकाण' या रकान्यात वराच्या टाउनलँडचं, म्हणजे वाडीचं, नाव होतं. ती वाडी कोणत्या कॅथलिक पॅरिशमध्ये येते ते नकाशावर पाहिलं (सरकारी कामासाठीची सिव्हिल पॅरिश वेगळी असते, घोटाळा करू नका). मग आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत ठेवलेल्या त्या पॅरिशच्या वहीत, लग्नातल्या वयावरून काढलेल्या सालाच्या मागची-पुढची पाच वर्षं पानोपान वाचली.

सापडलं! लग्नाच्या कागदावर वडील 'जेरेमाया', इथे 'डार्बी'. तिकडे दोन्ही नावं एकाच माणसाची असू शकतात; मूळ आयरिश नाव डिअरमिड. खात्री पटली ती वाडीच्या नावाने: फिकट शाईत, पण तेच. शिवाय धर्ममातेचं (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्या बाईचं) आडनाव लग्नातल्या साक्षीदाराशी जुळलं.

आईचं माहेरचं आडनावही त्याच ओळीत मिळालं.