दाबाची मोत्याची नथ घरी गुंफताना

लग्नसराईत आणि महालक्ष्म्यांच्या तोंडावर नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर नथींचे खोकेच्या खोके मांडलेले असतात. त्यातली एखादी हौसेने आणावी, दोन हळदीकुंकवांना घालावी, आणि तिसऱ्या वेळी तिचं फूल तारेवर गरगर फिरायला लागावं, असं पुष्कळदा होतं. दोष बहुधा मोत्यांचा नसतो. घाईने दिलेले दोन वेढे आणि चुकीची तार, एवढंच कारण. घरी नथ करायची तर मोत्यांइतकंच लक्ष तारेकडे द्या.

इथे दिलेली नथ मध्यम आहे. फूल ११ मिमीचं, पूर्ण नथ ३ सेंमीच्या आसपास, वजन दोन ग्रॅमच्या आत. ही दाबाची, म्हणजे नाकपुडीला चिमट्यासारखी धरणारी नथ, म्हणून नाक टोचलेलं नसलं तरी चालते. पहिल्यांदा करणाऱ्याला एक अख्खी दुपार लागेल.

सामान

इतवारीत जायचं तर मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने चितार ओळी चौकाला उतरा, गाडी लावायची कटकट वाचते. दुकानात तार मागताना गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा. गेजची मोजमापं दोन आहेत. एकात २८ नंबरची तार ०.३२ मिमी, तर दुसऱ्यात तोच नंबर ०.३८ मिमी. वाचताना फरक किरकोळ वाटतो, पण मोत्याच्या भोकात तार दुसऱ्यांदा जाईना की कळतो.

मुख्य तार ०.८ मिमीची, सोनेरी मुलाम्याची, आणि पितळेचीच हवी. लांबी ११ सेंमी. तांब्याची तार वळवायला सोपी म्हणून दुकानदार तीच पुढे करतो, पण तिला स्प्रिंग नसते. तिचा दाब दोन तासांत सैल पडतो आणि नथ पंगतीत ताटात पडते. बांधायची तार मात्र ०.३ मिमीची, तांब्याचीच, मऊ. तिचं दोन मीटरचं बंडल घ्या. लागते मीटरभराच्या आत, पण पहिल्या खेपेला वाया जाणारच.

मोती: ३ मिमीचे १३, अडीच मिमीचे २ आणि २ मिमीचे २. प्रत्यक्षात लडच घ्यावी लागते. ४० सेंमीच्या लडीत ३ मिमीचे सव्वाशेच्या वर मोती असतात, म्हणजे मैत्रिणींच्या नथीही निघतील. मध्यभागी ५ मिमीचा लाल मणी, आरपार भोकाचा. खाली लोंबायला ३ मिमीचा हिरवा मणी. हत्यारं म्हणजे गोल तोंडाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड, कटर आणि बारीक कानस. दोन्ही पकडींच्या तोंडाला कागदी टेपचा एक वेढा द्या, नाहीतर मुलाम्यावर दातांचे ओरखडे उठतात आणि तार तिथूनच काळी पडायला लागते.

मोती कोणते? पूर्वीच्या नथीत बसरा मोती असत. आखाताचे ते मोती बसऱ्याच्या बाजारातून येत म्हणून ते नाव. आज हौसेच्या नथीला गोड्या पाण्यातले कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले) किंवा काचेचे मोती चांगले. प्लास्टिकचा मोती ओळखायला त्याचं भोक बघा, कडेला रंगाची सालपटं दिसतात, कधी साच्याची रेघही दिसते. काचेचा मोती हाताला गार आणि जड लागतो. खरा मोती दातावर हलकेच घासला तर बारीक वाळूसारखा खरखरतो. लड घेण्याआधी ०.३ ची तार खिशातून नेऊन एका मोत्यात दोनदा घालून बघा. भोक ०.७ मिमीचं असेल तर दोन पदर सहज जातात, तिसरा ओढून न्यावा लागतो. २ मिमीच्या मोत्यात एकच पदर जाईल, तिथे लागतोही एकच.

फूल

मधल्या मण्याभोवती किती मोती बसतील याचा एक सोपा हिशेब आहे. मोती ३ मिमीचे असतील तर मण्याच्या मिलिमीटरमध्ये तीन मिळवायचे. ३ च्या मण्याला ६, ४ ला ७, ५ ला ८, ६ ला ९. एक मोती कमी घातला तर मणी मध्ये मावत नाही, वर उचलला जातो आणि फुलाची वाटी होते. एक जास्त झाला तर कडं मण्याभोवती सैल राहतं आणि फूल चपटं, लांबट दिसतं. कल्चर्ड मोती अगदी सारख्या मापाचे नसतात, म्हणून आठही आधी टेबलावर मण्याभोवती मांडून बघा.

बांधायची तार ४५ सेंमी कापा. तिच्यात आठ मोती ओवा आणि एका बाजूला १५ सेंमी तार सोडा. आता लांब टोक पहिल्या मोत्यापासून त्याच दिशेने पुन्हा आठही मोत्यांतून काढा आणि हळूहळू ओढा. कडं बंद होईल. ओढताना तारेला अढी पडू देऊ नका. वेटोळं लहान होत आलं की त्यात पेन्सिल धरा आणि शेवटच्या क्षणी काढून घ्या. अढी पडलीच तर ती सरळ करून पुढे जाण्याचा मोह टाळा. तांबं त्या जागी कडक होतं आणि पुढे तिथेच तुटतं. नवी तार घ्या.

दोन्ही टोकं आता एकाच फटीत, आठव्या आणि पहिल्या मोत्याच्या मध्ये आहेत. लांब टोक लाल मण्यातून काढून समोरच्या, म्हणजे चौथ्या-पाचव्याच्या फटीत न्या, तिथल्या तारेला एक वेढा द्या, मण्यातून परत आणा. मणी मधोमध बसेल. उरलेली टोकं कापू नका, त्यांचं खरं काम पुढे आहे.

मुख्य तार

११ सेंमीच्या तारेवर एका टोकापासून ३.५ आणि ८ सेंमीवर मार्करने खुणा करा. पहिला भाग नाकातल्या दाबाचा, मधला साडेचार सेंमीचा भाग मोत्यांचा, शेवटचा तीन सेंमीचा धरायला. मधला भाग २२ मिमी जाडीच्या बाटलीभोवती वळवा. तार सोडली की थोडी उघडते आणि २५ मिमीच्या गोलाईवर येते. वळवताना अंगठ्याने दाबत न्या. पकडीने टप्प्याटप्प्याने वाकवलेली तार कोनाकोनांची दिसते आणि मोती बांधले तरी ते कोन लपत नाहीत.

ही कमान कागदावर ठेवून तिचा आकार उतरवा, कागद कापा आणि आरशासमोर डाव्या नाकपुडीला लावून बघा. जी बाजू लोकांना दिसणार तिच्यावर पेनने फुली करा. आपल्याकडे नथ डाव्या नाकात घालतात, आणि नथ काही दोन्ही बाजूंनी सारखी नसते. मोती बांधल्यावर लक्षात आलं की ही तर उजव्या नाकाची झाली, तर सगळं उसवण्यावाचून इलाज नाही.

०.३ ची तार ३० सेंमी घ्या. साडेतीनच्या खुणेपाशी चार घट्ट वेढे द्या. मग एक ३ मिमीचा मोती ओवा, तो कमानीच्या बाहेरच्या अंगाला ठेवा, मुख्य तारेला दोन वेढे. पुन्हा मोती, दोन वेढे. असे तीन. मोती मुख्य तारेत ओवायचे नाहीत हे लक्षात ठेवा. ०.८ ची तार त्यांच्या भोकात जात नाही, आणि भोक मोठं करायला गेलात तर मोती तडकतो.

आता फूल. तिसऱ्या मोत्याला अगदी चिकटून फूल मुख्य तारेवर असं ठेवा की तार आठव्या-पहिल्याच्या फटीखालून येऊन चौथ्या-पाचव्याच्या फटीखालून बाहेर पडेल. बाजारच्या नथीत या दोनच जागी वेढे असतात, म्हणून फूल तारेभोवती फिरतं. ते थांबवायचं तर बांधणी रुंद हवी. फुलाचं आखूड टोक पहिल्या-दुसऱ्याच्या फटीतून पुढे काढा, कड्याच्या तारेवरून परत मागे घ्या, मुख्य तारेच्या पाठीवरून आडवं नेऊन सातव्या-आठव्याच्या फटीत घाला, तसंच परत आणा. पाठीमागे स्पष्ट फुली दिसली पाहिजे. हे दोनदा. लांब टोकाने तेच काम खालच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्याच्या आणि पाचव्या-सहाव्याच्या फटींत. शेवटी फूल दोन बोटांत धरून पिळून बघा. ते हललं तर मुख्य तारही सोबत हलायला हवी. फूल एकटं हललं तर आणखी एक फुली घाला.

फुलाच्या मागून तीच ३० सेंमीची तार पाच-सहा सैल वेढ्यांनी पुढे आणा आणि शेपूट गुंफा: ३, ३, अडीच, अडीच, २, २. हा उतार नथीला तिचा डौल देतो. सगळे मोती एकाच मापाचे घातले तर ती नथ न वाटता मण्यांचं कडं वाटतं. शेवटी पुन्हा चार वेढे आणि टोक कमानीच्या आतल्या अंगाला कापून चपट्या पकडीने दाबा. जुन्या शिफॉनच्या दुपट्ट्यावरून नथ फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक उघडं आहे.

खालची तार ८ मिमी ठेवून कापा, गोल पकडीने कडी करा, हिरवा मणी तारेच्या तुकड्यात ओवून तिथे लटकवा.

गोंद लावायचाच असेल तर फुलाच्या पाठीवर, टाचणीच्या टोकाएवढा, दोन नळ्यांचा अराल्डाइट. फेविक्विक नको. त्याची वाफ मोत्यावर पांढुरका धूर धरते, पावसाळी दमट हवेत तर हमखास, आणि तो पुसून जात नाही.

दाब

वरचा साडेतीन सेंमीचा भाग शेवटीच वळवायचा. टोक कानशीने गोल करून गोल पकडीने ३ मिमीची चपटी चकली वळा. ही नाकाच्या आत बसते, म्हणून टोक चकलीच्या पोटात गेलं पाहिजे. चकलीपासून ७ मिमी सरळ सोडून तार पेन्सिलच्या टोकाभोवती वळवा, म्हणजे चकली मोत्यांच्या बाजूच्या तारेसमोर येईल. दोन्हींमधली फट साधारण २ मिमी. तीन एटीएम कार्डं एकावर एक घट्ट बसतील एवढी.

घरात दहा मिनिटं घालून बघा. नाकावर लाल वळ राहत असेल तर फट अर्धा मिमी वाढवा. घालताना दाब ओढून उघडू नका, नाकपुडीच्या कडेवरून वर सरकवा. पितळ वारंवार उघडझाप केलं की एकाच जागी थकतं आणि कटकन तुटतं.

टोचलेल्या नाकात ही तार घालायची नाही. स्वस्त मुलाम्याखाली बहुतेक निकेलचा थर असतो, तो अनेकींना सोसत नाही. भोक लाल होतं, खाजतं. त्यांच्यासाठी मुख्य तार ९२५ चांदीची घ्या, भोकात बसेल तेवढ्याच जाडीची, आणि दाबाऐवजी आकडा करून टोक मागच्या कडीत अडकवा. दाबाच्या नथीतही ज्यांना त्रास होतो त्यांनी चकलीला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. ते नाकात घालण्याआधी रात्रभर वाळू द्यावं. मोत्याला मात्र त्याचा थेंबही लागू देऊ नका, काचेच्या मोत्याचं पाणी उतरतं.

नागपुरी उन्हाळ्यात

मे महिन्यातल्या लग्नात पंचेचाळीस अंशांत नथ घसरते ती बहुधा घामाने आणि फाउंडेशनच्या तेलकट थराने. दाब बसतो तेवढी जागा मेकअपशिवाय ठेवा, कोरड्या कापसाने टिपा, चिमूटभर पावडर लावा, मग नथ घाला. अत्तर आणि हेअरस्प्रे सगळं आधी, नथ सगळ्यात शेवटी. काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसून वेगळ्या डबीत. तिला बांगड्यांच्या डब्यात टाकाल तर बांगड्यांच्या कडा मोत्यांना घासतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नका.

महालक्ष्मीच्या मुखवट्यासाठी हीच नथ मापाला बसते, कारण मोठे मुखवटे चेहऱ्याएवढेच असतात. पण मुखवट्याचं नाक भरीव, तिथे दाबाला धरायला काही नसतं. नाकाला भोक असेल तर चकली न वळता तार सरळ ठेवून आत घाला आणि मागून वाकवा. भोक नसेल तर चकली उघडी ठेवून तिच्यावर मेणाची वाटाण्याएवढी गोळी दाबा. विसर्जनानंतर ती सुती कापडाने निघते. तेल लावून काढायला जाऊ नका, मोत्याच्या भोकात तेल शिरलं की तो पिवळा दिसू लागतो.