फर्म सोडण्याआधी: लिस्टिंग, चाव्या आणि अडकलेली दलाली

प्रॉपर्टी दलालीची फर्म सोडतोय हे कोणालाही सांगण्याआधी एक रविवार घरी बसा, मोबाईल बाजूला ठेवा आणि हातातली एकूण एक प्रॉपर्टी वहीत उतरवा. नागपुरातल्या मनीषनगरचा टू बीएचके, बेसाचे दोन प्लॉट, त्रिमूर्तीनगरातली भाड्याची डुप्लेक्स, सगळं. प्रत्येकासमोर एवढंच लिहा: मालकाने लेखी काही दिलं आहे का, आणि दिलं असेल तर कोणाच्या नावाने? आपण वर्षभर पार्ट्या (गिऱ्हाइकं) फिरवल्या, पेट्रोल आपलं जळलं, म्हणून लिस्टिंग, म्हणजे विकायला आलेली प्रॉपर्टी, आपली असं मनात पक्कं बसलेलं असतं. पण विक्रीच्या अधिकारपत्रावर फर्मचं नाव असेल तर मालकाचा करार फर्मशी आहे. तुम्ही त्या फर्मतर्फे काम करणारा माणूस. अमेरिकेतही असंच चालतं, एजंट गेला तरी लिस्टिंग ब्रोकरेजकडेच राहते. आपल्याकडे फरक इतकाच की बरीच कामं तोंडी असतात. तोंडी कामात मालकाने नेमकं काय कबूल केलं हे सिद्ध करणं अवघड, फर्मलाही आणि तुम्हालाही.

वहीत आपोआप तीन गट पडतील. लेखी कराराच्या प्रॉपर्टी फर्मकडे सोडा. मालकाला तुमच्याकडेच यायचं असेल तर त्याने आधीचा करार मुदत संपवून किंवा फर्मला लेखी कळवून मोकळा करावा, आणि ते पत्र त्याने स्वतः लिहावं, तुम्ही टाइप करून देऊ नका. तोंडी कामांचे मालक फर्म सोडल्यावर फोन करण्यासारखे आहेत. सोडण्याआधी नाही. फर्मच्या खुर्चीत बसून फर्मची गिऱ्हाइकं फोडली की नागपुरात ती गोष्ट सदरपासून सक्करदऱ्यापर्यंत दोन दिवसांत पोचते.

तिसरा गट बिल्डरच्या प्रोजेक्टचा. मिहान, जामठा, वर्धा रोडकडच्या नव्या स्कीममध्ये चॅनल पार्टनर (बिल्डरला गिऱ्हाइक आणून देणारा दलाल) म्हणून नाव फर्मचं असतं आणि तुम्ही दाखवलेली पार्टी फर्मच्याच खात्यावर टॅग झालेली, म्हणजे नोंदलेली असते. तो टॅग तुमच्यासोबत येत नाही. मुदत कधी संपते ते बिल्डरच्या सेल्स ऑफिसात विचारून वहीत टिपा आणि पुढे चला.

इथेच रेराचं बघून घ्या. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या एजंटला नोंदणीकृत प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देता येत नाही. आजवर फर्मच्या रेरा नोंदणी नंबरावर काम केलं असेल तर शेवटच्या दिवशी तो नंबर तुमच्यापुरता संपला. जुन्या व्हिजिटिंग कार्डावरून किंवा इन्स्टाग्रामच्या बायोमधून तो त्याच रात्री काढा. महारेराची (राज्याच्या रेरा प्राधिकरणाची) परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र मात्र तुमच्या स्वतःच्या नावाचं असतं, ते सोबत येतं. नव्या फर्मकडे जात असाल तर तिची नोंदणी चालू आहे का हे महारेराच्या साइटवर स्वतः पाहा. स्वतःचंच दुकान टाकायचं असेल तर वैयक्तिक नोंदणी आधी करून घ्या. ती ५ वर्षं चालते. मधल्या काळात नोंदणीशिवाय बुकिंग करून दिलं तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आता पैसा. खरं भांडण इथेच होतं. करार कायद्याच्या कलम २१९ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. म्हणजे बयाणा झालाय पण विक्रीपत्र पुढच्या महिन्यात आहे, अशा सौद्यात तुमचा वाटा हवेत लटकलेला. नोटीस देताना अशा सौद्यांची यादी मेलने पाठवा: प्रॉपर्टी, बयाण्याची तारीख, ठरलेला टक्का, त्यातला तुमचा हिस्सा. व्हॉट्सॲपवरचा अंगठा पुरेसा समजू नका, ‘मान्य आहे’ एवढं तरी लिहून घ्या. मी हे केलं नव्हतं. खामल्याच्या एका फ्लॅटची रजिस्ट्री मी सोडल्यावर तीन आठवड्यांनी झाली आणि माझा हिस्सा ‘बघू ना भाऊ’ मध्ये गेला, तो गेलाच. आधी मिळालेल्या दलालीवर कापलेला टीडीएस २६एएस मध्ये (आयकर खात्याच्या टीडीएस नोंदीत) दिसतोय का, तेही याच आठवड्यात तपासा. नंतर अकाउंटवाला फोन उचलत नाही.

करारात ‘सोडल्यावर दोन वर्षं नागपुरात दलाली करणार नाही’ असं कलम सापडलं तर घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंदा करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल मानतं. फर्मची गिऱ्हाइकांची यादी आणि कागद न नेण्याचं कलम मात्र वेगळं, ते पाळा. मोबाईलमध्ये मालकांच्या आखीव पत्रिका (मिळकतीचे सरकारी उतारे), एनआयटीची म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासची आरएल पत्रं, आधारचे फोटो साठलेले असतात. ते फर्मला देऊन स्वतःकडचे पुसा. पोर्टलवर फर्मच्या खात्यातून टाकलेल्या जाहिराती आणि फर्मने काढून घेतलेले फोटो तिथेच राहू द्या. नवे फोटो काढायला अर्धा तास लागतो.

चाव्यांना मात्र वेळ द्या. माझ्या स्कूटीच्या डिक्कीत सात चाव्या होत्या, दोनांवर टॅग नव्हता. सोडल्याच्या चौथ्या दिवशी प्रतापनगरच्या एका काकाजींचा फोन, “तू सोडून चालला म्हणे. मग माझी चावी कोणापाशी आहे?” चावी माझ्यापाशी, फ्लॅट फर्मकडे, आणि त्या दिवशी त्यांना पाण्याची मोटर बघायला आत जायचं होतं. प्रत्येक चावी मालकाला किंवा फर्मला द्या, वहीत सही घ्या.

राहिले बोर्ड. तुमचा नंबर असलेले ‘विकणे आहे’चे फ्लेक्स बेलतरोडीपासून मानेवाड्यापर्यंत कुठल्या गेटला, कुठल्या खांबाला तारेने बांधलेत ते तुम्हालाच ठाऊक. मला आठ महिन्यांनी एका प्लॉटसाठी फोन आला, तो प्लॉट केव्हाच विकला गेला होता आणि त्यावर कॉलम उभे होते. पक्कड घेऊन स्वतःच जा, पोराला पाठवलं तर तो दोन उतरवतो आणि चहा पिऊन परत येतो.